ऑनलाइन चर्चेला गुण देताना या चुका टाळा

दर जूनमध्ये नवे सहकारी मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर, हौसेने चर्चा उघडतात आणि महिन्याभरात तेच गाऱ्हाणं घेऊन स्टाफरूममध्ये येतात. एक तर ‘मुलं लिहीतच नाहीत’, नाहीतर ‘नुसतं सहमत-सहमत लिहितात’. यात मुलांचा दोष थोडा, आपला जास्त.

सगळ्यात वाईट खोड पोस्ट मोजण्याची. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

विषय होता १९८२ चा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप. १८ जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. प्रश्न टाकला : गिरण्या संपामुळे बंद पडल्या, की आधीच मोडकळीला आल्या होत्या? गुण १०. मूडलमध्ये प्रत्येक पोस्टला रेटिंग देता येतं आणि त्या रेटिंगांचं शेवटी काय करायचं तेही निवडावं लागतं : सरासरी, बेरीज, सर्वांत मोठं, सर्वांत लहान, की नुसती संख्या. मी घाईत ‘काउंट’, म्हणजे नुसती संख्या, निवडलं. काउंटमध्ये तुम्ही रेटिंग १ द्या नाहीतर १०, पोस्ट एकच धरली जाते.

लालबागच्या एका मुलीने एकच पोस्ट टाकली. तिचे आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, बदली कामगार होते. रोज गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. संपात ते कोकणात गेले ते गेलेच. आजीने खोली सोडली नाही, खानावळ चालवून पोरं वाढवली. शेवटी तिने विचारलं होतं, ‘ज्याला संपाआधीच पुरतं काम नव्हतं, त्याची गिरणी नेमकी कधी बंद पडली?’ मी १० दिले. एका पठ्ठ्याने शेवटच्या रात्री साडेअकरानंतर अकरा पोस्ट ठोकल्या. ‘सहमत’, ‘छान मुद्दा’, ‘अगदी बरोबर’. मी चिडून प्रत्येकीला १ दिला. गुणपत्रकात त्याला १० पैकी १०, आणि तिला १.

ती दारात उभी राहून म्हणाली, ‘मॅम, माझं काय चुकलं?’ काय सांगणार, कप्पाळ?

तेव्हापासून मी ‘मॅक्सिमम’ ठेवते, म्हणजे ज्याची त्याची सगळ्यात चांगली पोस्ट धरली जाते. शिवाय पहिल्यांदा सगळं चहा घेत नुसतं वाचते, गुणांना हात लावत नाही. ‘किमान तीन पोस्ट आवश्यक’ असं लिहिणाऱ्यांना तीनच मिळतात, आणि त्यातल्या दोन ‘सहमत’ असतात.

दुसरी चूक एकाच मुदतीची. पोस्ट आणि उत्तर दोन्ही रविवारी रात्री बारापर्यंत, असं ठेवलंत की सगळा वर्ग रविवारी अकराला येणार. मग कोण कुणाला उत्तर देणार? पहिली पोस्ट बुधवारपर्यंत, दुसऱ्यांना उत्तरं रविवारपर्यंत, एवढं करा. आणि धो-धो पावसात बदलापूरची मुलगी गाडीत अडकली असेल तर उशिराचे गुण कापू नका.

‘संपाची कारणे लिहा’ हा प्रश्न परीक्षेचा आहे, चर्चेचा नाही. त्यावर साठ उत्तरं येतात, साठही एकसारखी, आणि हल्ली तर एकाच यंत्राने लिहिलेली. घरच्या माणसाला, गल्लीतल्या दुकानदाराला विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही असं विचारा.

नक्कल टाळायला काहीजण ‘क्यू अँड ए’ प्रकार निवडतात. त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. छान आहे. पण लिहिल्यावरही पोस्ट दुरुस्त करायची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सहसा ३० मिनिटं, काहीच दिसत नाही. हे आधी सांगितलं नाही तर रात्री फोन येतात, ‘मॅम, बिघडलंय’. बिघडलेलं नसतं.

प्रत्येक पोस्टखाली सगळ्यात आधी आपणच उत्तर देणं बंद करा. सर बोलले की विषय संपतो.

शुद्धलेखनाचे गुण इथे कापू नका. अर्धी मुलं लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने दांडी धरून टाइप करतात.

बारा रकान्यांचा निकष-तक्ता करणाऱ्यांना दंडवत. १२० मुलं गुणिले १२, म्हणजे १४४० खुणा, दर आठवड्याला! दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटून खुणा सुरू होतात, मी पाहिलंय. माझ्या वहीत चारच आकडे असतात. शून्य म्हणजे आलाच नाही, १ म्हणजे हजेरी लावली, २ म्हणजे स्वतःचं काही सांगितलं, ३ म्हणजे दुसऱ्याचं वाचून त्यात भर घातली किंवा खोडून काढलं. वर्षाअखेरीस त्याचे दहात रूपांतर करते. पहिल्या आठवड्याचे आकडे दोन दिवसांत दाखवते, कारण सप्टेंबरमध्ये कळून पोरांना काय फायदा?

आणखी एक. मूडल ३.८ पासून पूर्ण चर्चेला मिळून एकच गुण द्यायचीही सोय आहे. ती आणि रेटिंग दोन्ही चालू राहिली तर गुणपत्रकात एकाच चर्चेचे दोन रकाने उमटतात आणि एकूण बेरीज फुगते. एक काढून टाका, पण त्याआधी त्यात कुणाचे गुण भरले आहेत का ते बघून घ्या.