जास्वंदीची फुलं कोण खातंय? आधी ओळखा, मग फवारा

श्रावण-भाद्रपदात जास्वंद भरभरून फुलते आणि नेमकी तेव्हाच तिची फुलं कुरतडलेली दिसतात. मग निंबतेलाची बाटली बाहेर निघते. पण गोगलगाय काय किंवा वानर काय, निंबतेलाला दाद देत नाहीत. म्हणून एक दिवस काहीच न फवारता झाड दोनदा नीट बघा: सकाळी ऊन चढायच्या आत आणि रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन.

सकाळी पाकळ्यांवर काळ्या अंगाचे, नारिंगी पट्ट्यांचे, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचे भुंगे बसलेले दिसले, तर ते हिंगे. ते चिमटीत धरू नका. त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. रबरी हातमोजे घाला, लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा द्रव साबण मिसळून ती बादली फांदीखाली धरा आणि फांदी झटका. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा पटापट पडतात. आठवडाभर रोज हे केलं की घरच्या दोन-चार झाडांना विषारी औषधाची गरज उरत नाही.

सकाळी झाडावर कोणी नाही, पण पानांवर-कुंडीवर चकाकणारा चिकट माग आहे? मग रात्रीची गोगलगाय. सध्या सगळीकडे दिसणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय 1847 साली कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. संध्याकाळी ओलं गोणपाट झाडाजवळ अंथरा, खाली कोबीची किंवा पपईची पानं ठेवा. सकाळी खाली लपलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला (त्यांच्या अंगात माणसाला घातक जंत असू शकतात) आणि बादलीत दाट मिठाच्या पाण्यात टाका. मीठ थेट मातीत टाकलं तर झाडच जळतं. चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंतच काम करते, म्हणजे पावसात फुकट. बाजारात मिळणाऱ्या गोगलगायीच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. घरात प्राणी असेल तर त्या नकोतच.

पिठ्या ढेकणाचं दुखणं सगळ्यांत चिवट. कळीच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, कळ्या वाकड्या होऊन गळतात. त्यांच्या अंगावर मेणाचा थर असल्याने नुसता फवारा वरून ओघळून जातो. आधी जुन्या टूथब्रशने पुंजके खरवडा, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा, फार लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. मगच निंबतेल: 1 लिटर कोमट पाण्यात आधी 2 मिली द्रव साबण, नंतर 5 मिली तेल, पाणी दुधाळ होईपर्यंत हलवायचं. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं आणि पानं डागाळतात. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

मुंग्यांना विसरू नका. पिठ्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावा. थेट सालीवर लावू नका. आणि पांढऱ्या झुलपांचा एखादा किडा भरभर चालताना दिसला तर त्याला सोडून द्या. ती पिठ्या खाणाऱ्या भुंग्याची अळी असू शकते. पिठ्या स्वतः जेमतेम सरकतो.

कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात? एक उभी चिरून बघा. आत बारीक अळ्या असतील तर त्या कळीमाशीच्या. त्या मातीत उतरून कोषात जातात, म्हणून गळलेल्या कळ्या रोज वेचून बंद पिशवीत टाका. त्या कंपोस्टमध्ये घालणं म्हणजे माशी पाळणं. आत काहीच नसेल तर पाण्याची ओढाताण तपासा.

वानरांना जाळीशिवाय इलाज नाही. मिरचीचं पाणी एका सरीत धुतलं जातं.

पूजेपुरती फुलं वाचवायची तर आणखी सोपं: उद्या उमलणाऱ्या टपोऱ्या, रंग दिसू लागलेल्या कळ्या संध्याकाळीच काढून परडीत ठेवा. सकाळी त्या पाण्याविना उमलतात. फवारणी करायची असेल तेव्हा कळ्या आधी काढा, फवारा नंतर.