नोंदणीकृत व्हॅल्युअरने आपली नोंदणी वर्षानुवर्षे कशी सांभाळावी

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 247 नुसार मूल्यांकनासाठी नोंदणीकृत मूल्यांकक (व्हॅल्युअर) नेमावा लागतो. ही नोंदणी 2017 च्या नियमांखाली भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ करते. नोंदणीचे प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने काढावे लागत नाही, मात्र ते ज्या अटींवर दिलेले असते त्या अटी कायम पाळाव्या लागतात. प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर लावले की काम संपले, असे समजणाऱ्यांची गल्लत इथेच होते.

आर्थिक वर्ष सुरू होताच प्रथम आपल्या मूल्यांकक संघटनेचे उपविधी उघडून सदस्यत्वाचे शुल्क, सीओपीची (व्यवसाय करण्यासाठी संघटना देते त्या प्रमाणपत्राची) मुदत आणि निरंतर शिक्षणाची अट तपासावी. शुल्काची पावती त्याच दिवशी फाइलला लावावी. संघटना बदलायची असल्यास मंडळाची पूर्वपरवानगी लागते, आधी बदलून मागाहून कळवणे चालत नाही.

त्यानंतर हाती आलेले काम आपल्या वर्गातले आहे का, हे पाहावे. जमीन व इमारत, संयंत्र व यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता असे तीन वर्ग आहेत. कारखान्याचे काम येते तेव्हा जमीन, शेड आणि आतली यंत्रे एकाच पत्रात लिहिलेली असतात. केवळ पहिल्या वर्गात नोंद असलेल्याने यंत्रांच्या आकड्याखाली सही करू नये, त्यासाठी त्या वर्गाचा मूल्यांकक सुचवावा. बँकेच्या पॅनेलवर नाव असले, तरी त्याने ही मर्यादा सैल होत नाही.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती दप्तराची. प्रत्येक कामाची कागदपत्रे ते काम पूर्ण झाल्यापासून किमान तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. माझ्या मते केवळ अहवालाची प्रत ठेवून भागत नाही. नेमणूकपत्र, पाहणीच्या दिवशी जागेवर हाताने काढलेला कच्चा नकाशा, तारखेसह फोटो, तुलनेसाठी घेतलेल्या विक्रीव्यवहारांचे इंडेक्स-टूचे (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराच्या नोंदीचे) उतारे आणि हितसंबंध नसल्याचे निवेदन एकत्र असले, तरच आकडा कसा आला हे दोन वर्षांनी विचारणाऱ्याला दाखवता येते. अहवालात नेमणुकीची, मूल्यांकनाची आणि अहवालाची अशा तीन तारखा निरनिराळ्या नमूद कराव्यात. जुना अहवाल समोर ठेवून नवा टंकताना या तारखा तशाच राहून जातात.

भागीदारी संस्था असेल, तर त्या वर्गात स्वतः नोंदणीकृत असलेल्या भागीदारानेच अहवालावर सही करावी.