कॅफेतून काम: नेरूळ-सीवूड्सकडच्या नव्या रिमोटवाल्यांसाठी

रिमोट जॉब लागला की पहिला महिना सगळे खूश असतात, हार्बरची गर्दी नाही, डबा नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की ही दिवसभर घरीच असते. तिथून पुढे "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर" पासून "सिलिंडरवाला येईल, दार उघड" पर्यंत सगळं आपल्या गळ्यात. वन बीएचकेमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, मग माणूस लॅपटॉप उचलून कॅफे गाठतो. मी डॉक्युमेंटेशनचं काम करते, टीम लंडनला, राहायला नवी मुंबईत नेरूळला, आणि नुकतेच कामाला लागलेले ओळखीतले बरेच जण विचारतात की कॅफेत बसून खरंच काम होतं का. होतं, पण सगळं होत नाही आणि दिवसभर तर अजिबात होत नाही. कुठलं काम तिथे न्यायचं आणि किती वाजता उठायचं एवढं ठरवून गेलात तरच उपयोग आहे.

आधी घड्याळाचं बघा. लंडनचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे घेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. म्हणजे सकाळी कॅफे उघडल्यापासून दीड वाजेपर्यंत तुम्हाला कोणी पिंग करणार नाही, आणि हाच वेळ कॅफेचा. लिहायचं, वाचायचं, रिव्ह्यू करायचे, कोड असेल तर कोड, डोकं लागणारं जे काही असेल ते या वेळात उरकून घ्यायचं, आणि मीटिंगा सुरू व्हायच्या आत घरी. अमेरिकेची टीम असेल तर अजून सोपं, न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, तेव्हा कुठलाही कॅफे कॉल घेण्यासारखा नसतोच. फक्त त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, त्यामुळे दोन्हीकडचे लोक एकाच मीटिंगमध्ये असले की मधल्या त्या आठवड्यांत कॅलेंडर नीट बघा.

एरियाप्रमाणे गर्दीची वेळ बदलते, हे नव्या माणसाला लवकर कळत नाही. सीबीडी बेलापूरला कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक अशी सगळी ऑफिसं, म्हणून दुपारी एक ते अडीच तिकडे लॅपटॉप उघडून बसलात तर सगळे तुमच्याकडेच बघतात, पण लंच आटपला की शांत आणि शनिवारी तर मस्तच. सीवूड्सला स्टेशनवरच मॉल असल्यामुळे बरोब्बर उलटं, वीकडेजला सकाळी निवांत आणि संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी नुसता गोंधळ. वाशी सेक्टर १७ ला दुपारनंतर जागाच मिळत नाही. खारघरला कॉलेजं भरपूर, परीक्षा जवळ आली की प्रत्येक टेबलावर नोट्स पसरलेल्या, पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर-पेंधर मेट्रो चालू झाली तेव्हापासून जाणं तरी सोपं झालंय.

आता उन्हाबद्दल. खाडीकडे तोंड असलेला, मोठ्या काचांचा कॅफे दिसला की सगळे धावत काचेपाशी बसतात, फोटोही छान येतो, पण पाम बीच रोडच्या बाजूला खाडी म्हणजे पश्चिम, आणि तीन वाजून गेले की ऊन थेट टेबलावर येतं. ब्राइटनेस फुल केला तरी स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं, डार्क मोड असेल तर अजूनच वाईट, आणि लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागतो की शेजारचा वळून बघतो. ऑक्टोबर हीटमध्ये तर एसीसुद्धा त्या काचेपाशी हात टेकतो. मी भिंतीला पाठ करून आतलं टेबल पकडते. त्यात अजून एक फायदा म्हणजे मागून कोणी स्क्रीन वाचत नाही. (फ्लेमिंगो बघायचे असतील तर सीझनमध्ये काम संपवून टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या मागे जा, कॅफेच्या काचेतून काही दिसत नाहीत.)

पण आत बसलं की मोबाइलची रेंज जाते, विशेषतः मॉलमध्ये, आणि मग कॅफेच्या वायफायवरच भिस्त. बऱ्याच ठिकाणी मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यावा लागतो आणि इथे नवीन माणूस हमखास अडकतो, कारण कंपनीचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं ॲप) आधीच चालू असला की ते लॉगिनचं पान उघडतच नाही. आधी व्हीपीएन बंद, मग ओटीपी, नेट चालू झालं की परत व्हीपीएन, या क्रमाने करा. काही ठिकाणी ठरावीक वेळाने आपोआप लॉगआउट होतं, तेव्हा मोठी फाइल अपलोडला लावून वॉशरूमला जाऊ नका. हॉटस्पॉट बॅकअप म्हणून ठेवायचाच, पण रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एका तासाच्या व्हिडिओ कॉलला त्यातला एक जीबीच्या आसपास जाऊ शकतो, म्हणून कॅमेरा बंद आणि विंडोज असेल तर हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन करून टाका, नाहीतर अपडेटच अख्खा पॅक खाऊन बसतो.

लाइटचा एक वेगळाच विषय. सॉकेट असतं, पण ते सोफ्याच्या खाली किंवा ढिलं. लॅपटॉपचा थ्री-पिन चार्जर जड, वायरच्या वजनाने तो हळूहळू बाहेर सरकतो, चार्जिंगची खूण कधी गेली ते कळतही नाही आणि एकदम दहा टक्क्यांचा मेसेज येतो. अडाप्टर लोंबकळत न ठेवता खाली बॅगेवर टेकवून ठेवायचा, सुटत नाही. घरून शंभर टक्के चार्ज करून निघायचं हे सांगायला नकोच. पावसाळ्यात लाइट गेली की छोट्या कॅफेचा राउटरही जातो, मॉलमधल्या जागेला जनरेटर असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी मॉलच पसंत करते, आणि तेही चालत जाता येईल असाच, कारण रुळांवर पाणी भरलं की लॅपटॉप घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहण्यात काही मजा नाही.

कॉलचं मात्र मनावर घ्या. मागे बाजूच्या टेबलावर एक साहेब कोणाचंतरी अप्रेजल घेत होते, हेडफोन लावलेले, त्यामुळे समोरच्याचा आवाज त्यांनाच आणि त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना. त्या पोराचं नाव, प्रोजेक्ट, क्लायंट, यंदा किती टक्के मिळणार, सगळं कळलं. कॉफी देणारा मुलगासुद्धा हळहळला. कॅफेतून पाच मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ठीक आहे, क्लायंट कॉल, पगाराचं बोलणं, कोणाची तक्रार, हे घरूनच. आणि जॉइन झाल्यावर कंपनीची पॉलिसी एकदा वाचा, बँकिंग आणि हेल्थकेअरच्या प्रोजेक्टवर पब्लिक जागेतून काम करायला सरळ बंदी असू शकते, तसं असेल तर हे सगळं विसरा.

आता पैसे. साधी कॅपुचिनो दोनशेच्या वर, त्यावर जीएसटी, आणि एका कॉफीवर चार तास बसणं बरं दिसत नाही. माझा नियम दीड-दोन तासाला एक ऑर्डर, दोघांचं टेबल, चौघांचं रिकामं असलं तरी नाही, आणि गर्दी झाली तर स्वतःहून उठायचं. तिथली मुलं ओळखीची झाली की कुठलं सॉकेट चालतं ते तीच सांगतात. आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन ऑर्डर धरल्या तरी महिन्याला पाच-सहा हजार सहज होतात, म्हणून रोज जाणार असाल तर आधी शेअर्ड ऑफिसात खुर्ची केवढ्याला पडते ते विचारून या. ही बिलं टॅक्समध्ये दाखवता येतात का असं बरेच जण विचारतात. पगारदार असाल तर नाही, तुम्हाला फक्त स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी ठरावीक वजावट. फ्रीलान्सर असाल आणि निम्मी कमाई नफा धरून रिटर्न भरत असाल तर खर्च उरलेल्या निम्म्यात आलाच, वेगळा दाखवता येत नाही. हिशोबाची वही ठेवत असाल तर सीएला विचारा.

आणि ज्यांना फक्त शांतता हवी आहे, कॉफीची हौस नाही, त्यांच्यासाठी अभ्यासिका हा उत्तम पर्याय आहे, बहुतेक नोडमध्ये (नेरूळ, वाशी, खारघर असे नवी मुंबईचे भाग) एखादी तरी सापडते. एमपीएससीची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, महिन्याची फी कॅफेपेक्षा खूपच कमी. कॉलचा प्रश्नच येत नाही, जोरात टायपिंग केलं तरी चार माना वळतात. नाव घालण्याआधी लॅपटॉप चालतो का आणि चार्जिंगचे वेगळे पैसे घेतात का तेवढं विचारून घ्या.