फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी सिरफिड माशीचा फोटो घ्या

ढगाळ आणि गार हवेचे चार दिवस सलग आले की मोहरी, करडई, वाटाणा आणि कोबी यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, झपाट्याने वाढतो. याच घाईच्या दिवसांत होणारी एक चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. माव्याच्या गर्दीत हिरवट अळी दिसली की ती कीड समजून शेतकरी त्याच दिवशी औषध मारतात. ती अळी बहुतेक वेळा सिरफिड माशीची, म्हणजे मावा खाणारी आपली मित्र असते. ती मेल्यावर, फवारणीतून वाचलेला मावा कोणाच्याही धाकाविना पुन्हा वाढतो, आणि दुसऱ्या फवारणीनंतरही पीक चिकट्याने काळे पडते.

म्हणून आधी अळी नीट पाहा. पाने खाणाऱ्या अळीला ठळक डोके आणि डोक्यामागे तीन जोड्या पाय असतात. सिरफिडच्या अळीला पाय नसतात, वेगळे डोके दिसत नाही, आणि पुढचे टोक निमुळते असते. भिंगातून पाहिल्यास ती एक मावा तोंडाने पकडून हवेत उचलते, रस शोषून घेते आणि सुरकुतलेले रिकामे कातडे टाकून पुढच्याकडे वळते. कोषात जाईपर्यंत एक अळी असे शेकडो मावा संपवते. माव्याजवळ एकेकटे घातलेले, सुमारे एक मिलिमीटर लांबीचे पांढरे लांबट अंडे दिसले, तर तेही तिचेच असण्याची शक्यता मोठी आहे.

फोटो घेण्यासाठी सकाळची वेळ चांगली, कारण गारव्यात माश्या पानावर ऊन घेत बसलेल्या असतात. आपली सावली माशीवर पडू न देता हळू जवळ जा, आणि एकाच फोटोवर थांबू नका:

- वरून, पोटावरचे पट्टे
- समोरून, चेहरा आणि दोन डोळ्यांमधील अंतर
- बाजूने, छाती आणि मागचा पाय
- पसरलेला पंख
- झाडाचे नाव, तारीख, जवळची अळी

माशीला पंखांची एकच जोडी आणि डोक्यावर आखूड शृंगिका (स्पर्शिका) असतात, तर मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. बहुतेक सिरफिडांत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे भिडत नाहीत. नारिंगी पोटाच्या वलयांवर जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला मिशीसारखी बारीक काळी रेघ असेल, तर ती एपिसिरफस बाल्टिएटस समजावी. अंग सडपातळ आणि नराचे पोट पंखांच्याही पुढे गेलेले दिसले, तर स्फेरोफोरिया हे नाव पुरेसे आहे, कारण तिच्या प्रजाती नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सहसा ठरत नाहीत. फोटोवरून कोणी छातीठोकपणे पूर्ण नाव सांगितले, तर कोणत्या खुणेवरून ते सांगितले हे अवश्य विचारा.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. जाडजूड, मधमाशीसारखी दिसणारी एरिस्टॅलिस ही सिरफिड माशी फुलांचे परागीभवन करते, परंतु तिची शेपटीवाली अळी घाण पाण्यात वाढते आणि मावा खात नाही. शेतात केवळ तीच दिसत असेल, तर मावा आपोआप आटोक्यात येईल असे धरून चालू नये.

पिवळे चिकट सापळे लावताना सावध राहा, कारण सिरफिडही पिवळ्या रंगाकडे खेचल्या जातात. विक्रेता एकाच खेपेत दोन-तीन महाग औषधे आणि टॉनिक देऊ करत असेल, तर आधी त्याला अळीचा फोटो दाखवा. त्याला ती ओळखता आली नाही, तर त्याची शिफारसही घेऊ नका.

फवारणी टळत नसेल, तर ५ टक्के निंबोळी अर्क घ्यावा. त्यासाठी ५ किलो निंबोळी पूड पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी आणि द्रावण १०० लिटर करावे. हा अर्कही सिरफिडच्या अळीला पूर्णपणे निर्धोक नाही, त्यामुळे तो माव्याने भरलेल्या जागांपुरता आणि संध्याकाळी, माश्या फुलांवरून गेल्यावर मारावा.

माझा शेतातला अंदाज असा की दर दोन-तीन बाधित शेंड्यांमागे एक अळी सापडत असेल, तर चार दिवस थांबणे परवडते. हा शासकीय निकष नव्हे. चौथ्या दिवशी त्याच शेंड्याचा त्याच बाजूने पुन्हा फोटो घ्या, दोन्ही शेजारी ठेवा, आणि जिवंत माव्यापेक्षा रिकामी कातडी जास्त दिसली, तर पंप धुऊन जागेवर ठेवा.