लोअर केलेली गाडी गोव्यात कुठे घासते आणि कशी जपायची

फोंड्यात मी व्हील अलाइनमेंटचं काम करतो. माझी स्वतःची स्विफ्ट ३५ मिलिमीटरने लोअर केलेली आहे आणि ती मला मनापासून आवडते. फर्मागुढीचा चढ उतरताना वळणावर तिचं अंग झुकत नाही, स्टिअरिंग जिथे वळवू तिथे ती लगेच जाते. गोव्याच्या रस्त्यांवर अशी गाडी टिकत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ती टिकते. मात्र माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना गाडी किती खाली केली ते तोंडपाठ असतं. खाली किती उरलं ते विचारलं की गप्प होतात. हा दुसरा आकडा ज्याला ठाऊक आहे त्याची गाडी वर्षानुवर्षं चांगली राहते.

म्हणून आधी मोजमाप. २०१८ ची स्विफ्ट कंपनीच्या कागदावर जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच. त्यातून ३५ गेले की १२८. पण हा हिशेब रिकाम्या गाडीचा झाला. गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये हवा बरोबर भरा, चार माणसं आत बसवा, डिकीत नेहमीचं सामान ठेवा आणि मग टॉर्च घेऊन खाली झोपा. एक नव्हे, तीन जागा मोजायच्या: पुढच्या बंपरची खालची कड, इंजिनाखालचा चेंबर (म्हणजे ऑइलचं भांडं) आणि दोन्ही चाकांच्या मधोमध पोटाखालून जाणारा सायलेन्सरचा पाइप. माझ्या गाडीत माणसं बसली की पाइपाखाली ११० च्या आसपास उरतात. तिन्ही आकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात लिहून ठेवा, कारण प्रत्येकाला त्रास देणारी जागा वेगळी आहे. पाइपाला स्पीड ब्रेकर, चेंबरला दगड आणि खड्डे, बंपरला उतार-चढाव. सुताराकडून पाइपाखालच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा कापून डिकीत टाका. नवीन जागी शंका आली की उतरून तो उंचवट्याशेजारी ठेवायचा, लगेच कळतं.

टायर निवडतानाही हा आकडा आठवा. मूळ १८५/६५ आर१५ काढून १६ इंची अलॉय बसवणारे पुष्कळ. १९५/५५ आर१६ घेतलात तर टायरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. १९५/५० आर१६ घेतलात तर व्यास २० मिलिमीटरने घटतो, म्हणजे गाडी आणखी १० मिलिमीटर खाली. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात.

स्पीड ब्रेकर

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. स्विफ्टच्या दोन चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे गाडी माथ्यावर असते तेव्हा चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर उंची खाल्ली जाते. अशा ब्रेकरवरून लोअर केलेली गाडी ताशी वीसच्या वेगाने निवांत जाते.

त्रास देतात ते वाड्यावाड्यांतले हाताने घातलेले अरुंद ब्रेकर. जेमतेम हातभर रुंद, पण उंच. पुढची चाकं ओलांडून खाली उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि ब्रेकरची पूर्ण उंची पाइपाखाली येते. पाइपाखाली ११० असतील आणि ब्रेकर १२० चा असेल, तर मुंगीच्या पावलाने गेलात तरी घासणारच.

गाडी तिरकी घ्यावी असं सगळे सांगतात. तिरकी घेतल्याने बंपर वाचतो, कारण आधी एकच चाक चढतं. पोट त्याने वाचत नाही. मधला पाइप ब्रेकरवर येतो तेव्हा तिरक्या गाडीचीही चाकं सपाट रस्त्यावरच असतात. ती ब्रेकरवर यावीत इतकी गाडी वळवायला रस्ता पुरत नाही. अशा जागी मागे बसलेल्यांना उतरवा. दोन मोठी माणसं उतरली की दीड-दोन सेंटिमीटर परत मिळतात आणि बहुतेकदा तेवढंच हवं असतं. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही.

ब्रेकचं एक महत्त्वाचं. ब्रेकर दिसला की लवकर वेग कमी करा आणि चाक चढण्याच्या क्षणी पाय ब्रेकवरून पूर्ण काढा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, बंपर तिथेच लागतो. उतरतानाही घाई नको. गाडी धपकन खाली आली की स्प्रिंग पूर्ण दबते आणि चेंबर आपटतो, ब्रेकर मागे राहिल्यावर.

रस्त्याची कड, चर आणि मेर

गावातले रस्ते वर्षानुवर्षं हॉटमिक्सचे थर चढून उंच झालेत आणि बाजूची लाल माती पावसाने वाहून गेलेली असते. कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. समोरून कदंबची बस आली की डावी चाकं खाली उतरवावी लागतात आणि दाराखालची पट्टी डांबराच्या कडेवर बसते. इथे उपाय एकच, बस लांबून दिसली की रुंद जागा बघून थांबायचं. उतरावंच लागलं तर दोन्ही डावी चाकं एकदम न सोडता पुढचं चाक जरा वळवून सावकाश सोडा आणि परत चढताना कडेला समांतर रेटू नका. टायरची बाजू तिथे फाटते.

उसगाव, धारबांदोडा, तसंच अनमोड घाटाच्या बाजूला जड ट्रकांनी डांबरात चर पाडलेले असतात. चाकं त्या चरांतून नेलीत तर मधला उंचवटा सरळ चेंबरखाली येतो. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला, असं चालवा. दगडाच्या बाबतीतही सवय बदलावी लागते. उंच गाडीवाले दगड दोन चाकांच्या मधून काढतात, आपण त्याला पूर्ण टाळायचं. वाऱ्याने पडलेला सोलायचा नारळ मधून कधीच जात नाही.

जत्रेला पार्किंग कापणी झालेल्या शेतात असतं. शेतात उतरताना आणि मेर (शेताचा बांध) ओलांडताना मधला पाइप अडकतो. मी गाडी रस्त्यालाच लांब ठेवतो आणि देवळापर्यंत चालत जातो.

फेरीबोट

रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना बंपरची खरी परीक्षा असते. धक्क्याचा उतार खाली जातो आणि बोटीची फळी वर चढते, म्हणजे दोन्ही मिळून खोबण तयार होते. समजा, बंपरची कड चाक टेकतं तिथून ७० सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर आहे. अशी गाडी जवळजवळ १४ अंशांचा चढ न घासता घेते. तीच कड १३ सेंटिमीटरवर आली की साडेदहा अंशांतच लागते. चार सेंटिमीटरचा फरक छोटा वाटतो, फेरीवर तो पूर्ण कळतो.

बोट प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या कोनात टेकते. त्यामुळे रांगेत पुढे घुसू नका, आधी दुसरी एखादी ठेंगणी गाडी कशी चढते ते बघा. फेरीवरच्या माणसाला आधीच सांगा, "पात्रांव, गाडी खूप खाली आहे, जरा बघून घ्या." ती माणसं रोज शेकडो गाड्या चढवतात, त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवा. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी धक्क्याचा खालचा भाग शेवाळलेला असतो, तिथे ब्रेक मारून थांबू नका. पलीकडे उतरून चढ घेताना मागचा बंपर आणि सायलेन्सरचं टोक लागतं. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण पुढचा भाग सुटला की ते निर्धास्त होतात. घरी आल्यावर गाडीच्या खालून गोड्या पाण्याने धुवा.

पाऊस आणि चवथ

पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली दिसत नाही. ओळखीच्या रस्त्यावरसुद्धा मी पुढच्या गाडीची चाकं किती बुडतात ते बघूनच जातो. गाडी जितकी खाली, तितका हवा ओढणारा पाइपही खाली, हे विसरू नये. पाणी दाराखालच्या पट्टीला टेकण्याइतकं असेल तर परत फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिनावर जातो.

वर्षातला सगळ्यांत जड प्रवास चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. पाच माणसं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, तांदूळ, कपडे, वर भर पाऊस आणि मूळ घराकडे जाणारी अरुंद वाट. त्या दिवशी तुमचे लिहून ठेवलेले आकडेही खोटे ठरतात. सामान दुसऱ्या गाडीतून पाठवा किंवा जड वस्तू मागच्या चाकांच्या पुढे, सीटजवळ ठेवा. अगदी मागे ठेवलेलं वजन मागचा भाग जास्त दाबतं.

स्प्रिंग आणि अलाइनमेंट

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं.

स्प्रिंग कापून गाडी खाली करू नका. पाच वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती २५ टक्के कडक होते. गाडी उचलली किंवा चाक खड्ड्यात लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसने तापवून दाबलेली स्प्रिंग तर आणखी वाईट, तिचं पोलादच मरतं. त्या गाडीसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग घ्या आणि रोजच्या वापराला गाडी ३०-३५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली करू नका. त्यापुढे शॉकअपला हलायला जागाच उरत नाही, बंप स्टॉप (शॉकअपच्या टोकाचा रबरी अडथळा) सतत लागतो आणि गाडी उडते.

बसवताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा. लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, खटखट सुरू होते आणि दोष स्प्रिंगवर जातो. गाडी चाकांवर उभी करून मग आवळायचे.

नवीन स्प्रिंग चार-आठ दिवस चालून बसली की अलाइनमेंट करा, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवून. गाडी खाली गेली की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि टो, म्हणजे वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, बिघडतं. टायर आतल्या बाजूने झिजला की सगळे कॅम्बरला (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलण्याला) दोष देतात. मी तर आधी टो बघतो, कारण टायर लवकर खातो तो टो. आतली कड उभं राहून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, हाताने चाचपून महिन्यातून एकदा बघा. त्याच वेळी रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे आहेत का तेही बघा. असले तर एक्सलचा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय. आपली लाल माती त्यात गेली की जॉइंट फार दिवस टिकत नाही, म्हणून बूट त्याच आठवड्यात बदला. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर हेडलाइटही वर उचलून घ्यावे लागतात.

कायद्याचं आधी जाणून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२अ (४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. स्प्रिंग विकत घेण्याआधी वाहतूक खात्यात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्या.

घासलीच तर

आवाज आला की पुढे सुरक्षित जागी थांबा, पाच मिनिटं द्या आणि खाली बघा. एसीचं पाणी पातळ, बिनवासाचं; आपल्या दमट हवेत ते बदाबदा गळतं, घाबरू नका. बोटाला चिकटतंय, काळपट आहे, तर चेंबर फुटलाय. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. गॅरेज समोर दिसत असलं तरी चालवत नेऊ नका.

पंक्चर झालं की वेगळीच अडचण येते. आधीच खाली असलेली गाडी बसलेल्या टायरवर आणखी सात-आठ सेंटिमीटर उतरते आणि जॅक पट्टीखाली शिरतच नाही. डिकीत दोन इंच जाड, फूटभर लांब फळी ठेवा. बसलेलं चाक हळूच त्या फळीवर चढवा, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकाला दगड लावा, नट थोडे सैल करा आणि मग जॅक घाला. टोइंगची गाडी बोलवायची वेळ आली तर सपाट प्लॅटफॉर्मवालीच मागवा आणि ती निघण्यापूर्वीच फोनवर सांगा, की गाडी लोअर केलेली आहे, चढवायला दोन लांब फळ्या बरोबर आणा.