झरियात डाइकशेजारचा कोळसा कसा वाचावा

झारखंडमधल्या झरियाच्या उघड्या कोळसा खाणीत नवे विद्यार्थी थेट डाइककडे, म्हणजे थरांच्या भेगेत घुसून गोठलेल्या शिलारसाच्या भिंतीकडे, धावतात. मी त्यांना उलट चालवतो. आधी न तापलेला, चकचकीत कोळसा गाठा. डाइकची रुंदी टेपने मोजा, निदान तिच्या दुप्पट अंतरावरून सुरुवात करा आणि नमुने घेत डाइककडे या. कडा सैल नाही ना, हे खाणीच्या माणसाला विचारल्याशिवाय हातोडा उचलू नका.

काळा खडक शोधत बसलात तर फसाल. इथले बरेच डाइक अभ्रकयुक्त लॅम्प्रोफायर या अग्निज खडकाचे, सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचे. कोळसा पर्मियन काळातला, डाइकच्या दुपटीहून जुना. तापलेल्या कोळशातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि पाण्याने डाइकमधल्या ऑलिव्हिन या खनिजाचं कार्बोनेट आणि चिकणमाती करून टाकलेली असते. खडक पिवळट, ठिसूळ, पहिल्या नजरेला वालुकाश्मच वाटतो. अभ्रकाचे तपकिरी पापुद्रे चमकले की खात्री.

त्याला लागून झामा, म्हणजे नैसर्गिक कोक: करडा, कठीण, डाइकच्या भिंतीशी काटकोनात उभे बारीक खांब, आत वायूच्या पोकळ्या. त्या पोकळ्यांतलं पांढरं खनिज भिंगाखाली बघा आणि विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर कॅल्साइट. भुकटी केल्यावरच फसफसलं तर डोलोमाइट किंवा अँकेराइट; या दोघांतला फरक प्रयोगशाळेवर सोडा. सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, थंड ॲसिडला फारशी दाद देत नाही.

आता खरं काम. सापडलेलं प्रत्येक खनिज डाइकच्या नावावर खपवू नका. कोळशाचे पापुद्रे सिडेराइटच्या गाठीला वळसा घालून जात असतील, तर ती गाठ दलदलीतला गाळ दबण्याआधीची, डाइकच्या कितीतरी आधीची. खनिजाची शीर झाम्याच्या खांबांमधल्या फटीत भरली असेल, तर ती कोक झाल्यानंतरची. पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, याबाबत मी घाई करत नाही. तो दलदलीतही बनतो आणि नंतर भेगांतही. वहीत खनिजाच्या नावापुढे ‘कशाला छेदतं’ हा रकाना हवाच.

झरियात आणखी एक घोळ आहे. इथे 1916 पासून थरांना आगी लागल्याची नोंद आहे. आगीला हवा मिळते, म्हणून राख उरते आणि वरचा शेल, म्हणजे चिखलाचा खडक, हेमॅटाइटने (लोहाच्या ऑक्साइडने) विटकरी होतो. डाइकने तापवलेल्या कोळशाला हवा मिळालीच नव्हती, म्हणून त्याचा कोक झाला. विटकरी तुकडा सापडला तर पिशवीवर वेगळी खूण करा आणि डाइकच्या नमुन्यांत मिसळू नका.