घर दाखवण्याआधी घराबद्दल खरं लिहा: इस्टेट एजंटसाठी ब्लॉग आणि जाहिरात

ब्लॉगसाठी विषय सुचत नाहीत असं म्हणणाऱ्या एजंटांनी दिवसभरात आलेले फोन आठवावेत. आपल्याला रोज तेच तेच प्रश्न येतात. टोकन दिल्यावर मन बदललं तर पैसे परत मिळतात का? भाडेकरू राहत असलेलं घर घेतलं तर ताबा कधी मिळणार? बँकेने घराची किंमत आपण ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी काढली, तर मधली रक्कम कुठून आणायची? माझ्या गाडीत एक वही असते. फोन ठेवला की प्रश्न त्यात उतरवते, तोही विचारणाऱ्याच्याच शब्दांत. शब्द बदलायचे नाहीत, कारण ती व्यक्ती गुगलवरही तसंच विचारते. 'संयुक्त मालकीतील हस्तांतरण प्रक्रिया' असं कोणी शोधत नाही. 'भाऊ सही देत नाही, घर विकता येतं का' असं शोधतात. लेखाला मथळा हाच द्या.

उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत येऊ द्या. पूर्ण घर विकायचं तर सगळ्या सहमालकांची संमती लागते, हे आधी सांगून टाका. मग कोणते कागद तपासायचे, बोलणी कुठे अडतात, वकिलाकडे कधी जायचं ते लिहा. कायद्याचा मुद्दा असेल तर लेख टाकण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला. नियम जागेनुसार बदलतात, म्हणून आपला लेख कुठल्या भागातल्या नियमांबद्दल आहे हेही सुरुवातीलाच लिहा. एका लेखात एकच प्रश्न. दहा प्रश्नांची खिचडी केली की एकाचंही उत्तर नीट मिळत नाही.

आता खऱ्या कामाच्या गोष्टीकडे येते, आणि यावर माझं मत ठाम आहे: घराची उणीव लिहा. जाहिरातीतच लिहा, पहिल्या काही ओळींत लिहा.

एक नेहमीची जाहिरात बघा. 'प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या जागी, सर्व सोयींनी युक्त २ बेडरूमचा फ्लॅट. त्वरित संपर्क साधा.' यातला एकही शब्द त्या घराचा नाही, कुठल्याही घराला चिकटवता येईल असा हा मजकूर आहे. तेच घर मी असं लिहिते: 'तिसरा मजला, लिफ्ट नाही. ओट्यासमोर पूर्वेची खिडकी आहे, सकाळी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागत नाही. मोठ्या बेडरूममध्ये डबल बेड आणि तीन दारांचं कपाट आरामात बसतं. लहान बेडरूममध्ये सिंगल बेड आणि कपाट ठेवल्यावर टेबलाला जागा उरत नाही. हॉलची खिडकी रस्त्याकडे आहे, संध्याकाळी गाड्यांचा आवाज येतो. बेडरूम मागच्या बाजूला आहेत, तिथे येत नाही.'

हे वाचून गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा फोन करणार नाहीत. चांगलंच आहे. त्यांना तीन मजले चढायला लावून, दम लागलेल्या अवस्थेत 'लिफ्ट नाही का हो?' असं विचारायची वेळ आणणं मला पटत नाही. त्यांचाही दिवस जातो आणि आपलाही. जे फोन करतात ते जिना आणि रस्ता मान्य करूनच करतात, त्यामुळे साइट व्हिजिटला बोलणं थेट किमतीवर आणि ताब्याच्या तारखेवर येतं. दुसरा फायदा जरा उशिरा दिसतो. ज्या माणसाने तुमच्या एका जाहिरातीत आवाजाबद्दल वाचलं, तो तुमच्या दुसऱ्या जाहिरातीत 'शांत' हा शब्द वाचतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवतो.

अडचण मालकाची असते. "अहो मॅडम, हे कशाला लिहिता? गिऱ्हाईक बिचकेल," हे ऐकावं लागतंच. मी त्यांना दोनच गोष्टी सांगते. पहिली, गिऱ्हाईक घर बघायला येणारच आहे आणि लिफ्ट नाही हे त्याला जिन्यातच कळणार आहे. दुसरी, त्याला ते तिथे कळलं तर तो त्याचा भाव करणार. आधीच माहीत असेल तर किमतीत ते धरूनच येणार. यावर बहुतेक मालक तयार होतात. तरी ऐकत नसतील तर मजकूर त्यांना वाचून दाखवा आणि एखादा शब्द त्यांच्या पसंतीने मवाळ करा, पण माहिती गाळू नका. मालकाचा होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, म्हणजे नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' होत नाही.

आकड्यांच्या बाबतीतही तेच. क्षेत्रफळ लिहिताना ते कसं मोजलं ते लिहा: कार्पेट (घरातली वापरायची जागा), बिल्ट-अप (भिंतींची जाडी धरून) की सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटाही धरून). हा घोळ सगळीकडचा आहे, म्हणून तर ठिकठिकाणी त्यासाठी कायदे करावे लागले. फ्रान्समध्ये १९९६ च्या कायद्याने सहमालकीच्या इमारतीतला फ्लॅट विकताना त्याचं क्षेत्रफळ सांगणं सक्तीचं केलं. त्यात छताची उंची १.८० मीटरपेक्षा कमी असलेली जागा धरता येत नाही. भारतात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आली. अंतराचंही तसंच आहे. 'स्टेशनपासून ५ मिनिटं' हे वाक्य इतकं वापरून झालंय की त्याला अर्थ राहिलेला नाही. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत चालण्याची वेळ ८० मीटरला १ मिनिट या हिशेबाने द्यावी लागते आणि उरलेलं अंतर पुढच्या पूर्ण मिनिटात धरावं लागतं. आपल्याकडे सक्ती नसली तरी हा हिशेब आजपासून वापरता येईल. ७०० मीटर असेल तर ९ मिनिटं लिहा आणि मीटरही लिहा.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण ते बहुतेक सगळे घाईत काढतात. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की ओटा, बेसिन आणि पलंग मोकळे हवेत. ज्या खोलीत ज्या वेळी उजेड असतो त्या वेळी ती खोली टिपा. कोपऱ्यात उभं राहा, फोन छातीच्या उंचीला आडवा धरा आणि भिंतीच्या कडा सरळ उभ्या दिसताहेत ना ते बघा. फोन वर-खाली कलला की भिंती तिरक्या होतात आणि खोली पडायला आल्यासारखी दिसते. अल्ट्रा-वाइड लेन्स टाळा. त्यात छोटी खोली हॉलएवढी भासते आणि माणूस प्रत्यक्ष आला की त्याचा चेहरा उतरतो. प्रत्येक खोलीचे दोन फोटो पुरेत, पण बाथरूम, जिना, पार्किंग आणि खिडकीतून दिसणारं दृश्य वगळू नका. लोक नेमकं तेच शोधत असतात.

फोटो टाकण्याआधी घरात राहणाऱ्यांचा विचार करा. भिंतीवरचे कौटुंबिक फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, औषधं, दारावरची पाटी, तिजोरी असलेलं कपाट यातलं काहीही चौकटीत येता कामा नये. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश जातात, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करा. लोक आपल्या हातात घराची किल्ली देतात, तेव्हा एवढी काळजी घेणं आपलं कामच आहे.

हे सगळं टाकायचं कुठे? घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर टाकाच, पण स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेब पत्त्यावर, ब्लॉग असू द्या. पोर्टलवर तुमच्या घराशेजारी दुसऱ्या एजंटची घरं दिसतात आणि पैसे भरणं थांबलं की तुमचं पान मागे पडतं. स्वतःच्या साइटवरचा लेख तुमचाच राहतो. ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च तेवढा येतो. कीवर्डचा मारा करण्यात वेळ घालवू नका. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शोधशब्दांची यादी) आपण क्रमवारीसाठी वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगितलंय. उलट २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत 'अनुभव' हा निकष जोडला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे का. आपण तर तो जिना चढून आलेलो असतो! घरात बसून भागाची माहिती उतरवून काढणाऱ्याला पाण्याची वेळ आणि शाळा सुटतानाची गर्दी कुठून कळणार?

तुमची साइट गुगलच्या सर्च कन्सोल या साधनाला जोडा. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे फुकट दिसतं, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. एखाद्या प्रश्नावर तुमचा लेख लोकांना दिसतोय पण कोणी उघडत नाही, असं आढळलं तर मथळा बदला. लोक ज्या प्रश्नावर येताहेत त्याचं उत्तर लेखात अर्धवट असेल तर ते पूर्ण करा. नवा लेख लिहिण्यापेक्षा हे काम जास्त फळतं असं मला वाटतं.

गुगल बिझनेस प्रोफाइल भरून ठेवा: कामाची वेळ, भाग, फोन, ऑफिसचे खरे फोटो. तुमच्याकडे नोंदणी क्रमांक जाहिरातीत देणं बंधनकारक असेल तर तो सगळीकडे द्या. रिव्ह्यू ताबा मिळाल्यानंतरच्या आठवड्यात मागा, आणि मागताना 'कुठली गोष्ट सोपी गेली, कुठली अवघड गेली ते लिहा' असं सांगा. भेटवस्तू किंवा दलालीत सूट देऊन रिव्ह्यू घेऊ नका. गुगलच्या नियमांत ते बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही तो वास येतो.

व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये रोज वीस घरं ओतणं थांबवा. लोक ग्रुप म्यूट करतात आणि तुमचं नाव विसरतात. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो अशी यादी) वेगवेगळ्या करा: भाड्याने शोधणारे, पहिलं घर घेणारे, विकू इच्छिणारे. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच नंबर सेव्ह करून घ्या. आठवड्याला एकच मेसेज, त्यात एक घर किंवा एक लेख. ज्याने 'आता नको' म्हटलं त्याचं नाव त्याच दिवशी काढा.

व्हिडिओ करायचा असेल तर गाणं लावू नका. दार उघडण्यापासून चालत जा आणि बोलत राहा. खिडकी उघडून दहा सेकंद गप्प उभं राहा, म्हणजे बाहेरचा आवाज ऐकू येईल. यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहिल्या तर विभाग पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, किमान ३ विभाग हवेत आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा. ज्याला फक्त स्वयंपाकघर बघायचंय तो थेट तिथे जातो.

घर विकलं की त्याच दिवशी जाहिरातीवर 'विकलं' असं लिहा. ती तशीच ठेवून आलेल्या फोनला 'ते गेलं हो, पण दुसरं दाखवतो' म्हणण्याची आपल्या धंद्यातली सवय मला अजिबात आवडत नाही. पान काढून मात्र टाकू नका. किंमत आणि आतले फोटो काढा, इमारतीची आणि भागाची माहिती राहू द्या, खाली त्याच भागातल्या चालू घरांची लिंक द्या. त्या इमारतीत पुढे कोणी घर विकायला काढलं तर ते इमारतीचं नाव शोधतील तेव्हा समोर तुमचं पान असेल.